मॅडमच्या आईचा दहावा

शितल मुंजाळ कंपनीत नेमकं काय करते, हे कवठे येमाईत कुणालाच धड सांगता यायचं नाही. एचआर म्हटलं की समोरचा समजल्यासारखी मान हलवायचा आणि लगेच विचारायचा, "म्हंजी पगार तूच वाटती का?" पगार ती वाटत नाही असं कळलं की एकच विषय उरायचा, "मग आमच्या पोराला तेवढं चिकटव की." तिची आई सरूबाई मात्र कधी अडखळली नाही. पिठाच्या गिरणीत, बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा ती सांगायची, "आमची शितल रांजणगावला माणसं सांभाळती."

सुरुवातीला शितलला ते ऐकून हसू यायचं. पुढं पुढं नुसता थकवा यायला लागला. माणसं सांभाळायची म्हणजे काय काय सांभाळायचं, हे तिला पुण्याच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. कँटीनची चपाती कच्ची राहिली, शितल मॅडम. सेफ्टी शूज पायाला लागतात, शितल मॅडम. कुणाची बायको माहेरी निघून गेली आणि तो मशीनपुढं उभा राहून रडतोय, बोलवा शितल मॅडमला. कंपनीशेजारच्या कारेगावात कामगारांच्या खोल्यांवर पाण्यावरून भांडणं व्हायची, ती दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटातून आत यायची, आणि तीही तिनंच मिटवायची. वरून मालकाला वाटायचं मॅडम कामगारांच्या बाजूच्या आहेत, आणि कामगारांना वाटायचं मॅडम मालकाच्या. दोन्हीकडून बोलणी खाऊन संध्याकाळी ती कारेगावातल्या आपल्या फ्लॅटचा जिना चढायची तेव्हा तिच्यात कुकर लावण्यापुरतंही त्राण उरलेलं नसायचं. नवरा दुसऱ्या कंपनीत शिफ्टला, तो आपला आला की झोपायचा.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त दमवलं असेल तर ते दहाव्यांनी.

आपल्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर विधी असतो. सकाळी लवकर. ताडपत्री टाकतात, सतरंज्या अंथरतात, महाराज प्रवचन करतात, मग माईकवर श्रद्धांजल्या. सरपंच बोलतात, पतसंस्थेचे चेअरमन बोलतात, साखर कारखान्याचे संचालक तर बोलल्याशिवाय राहतच नाहीत. या दहाव्याला कुणाला या म्हणून सांगायचं नसतं. ज्यांच्याकडची माणसं आपल्याकडं आली होती, त्यांच्याकडं आपण जायचं. त्यात नातं बघत नाहीत. आणि जो जात नाही, त्याच्या घरी वेळ आली की घाट रिकामा दिसतो, आणि तो रिकामा घाट लोक पुढं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

आता कंपनीची सकाळची पाळी सातला सुरू. दहावाही त्याच सुमाराला. कारेगावात कुणी चार लोकांत ऊठबस असलेला माणूस गेला की दहाव्या दिवशी प्रेस शॉपमध्ये निम्म्या मशिनी गप्प. बिहारचा एक ऑपरेटर डबल ड्यूटी करून करून वैतागला आणि एकदा शितलला म्हणाला, "मॅडम, इधर के लोगों की इतनी दादियाँ कैसे होती हैं?" दौंडकडच्या एका कामगाराची आजी तर एकाच वर्षात दोनदा गेली. शितलनं त्याला केबिनमध्ये बोलावून फैलावर घेतलं, तेव्हा कळलं की दुसरी ती आजीची बहीण, आणि तो तिलाही आजीच म्हणायचा. खोटं तो बोललाच नव्हता.

मालक सत्यजीत साहेब पुण्याहून येऊन-जाऊन असायचे. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला सगळ्यांच्या हातात स्वतः मिठाई द्यायचे, कुणाचा अपघात झाला तर दवाखान्यात जाऊन बसायचे. पण दहावा हा प्रकार त्यांच्या डोक्यात शिरत नव्हता. एका बैठकीत त्यांनी शितलला सरळ विचारलं, "तुम्ही इथल्याच आहात. सांगा, काय करायचं?"

काय सांगायला हवं हे शितलला ठाऊक होतं. ती म्हणालीही, "सर, हे रजा घेऊन मजा मारणं नाही. ही फेड असते. आज हा गेला नाही तर उद्या ह्याच्याकडं कुणी येणार नाही."

"ते मला पटतं हो," साहेब म्हणाले, "पण मशीन कोण चालवणार? मला उपाय द्या."

त्या दिवशी तिची मुलगी तापानं फणफणली होती आणि शेजारणीकडं ठेवलेली होती. बैठक लवकर संपावी एवढंच शितलला वाटत होतं. तिनं उपाय दिला. दहाव्यासाठी रजा फक्त जवळच्या नात्यात. आईवडील, सासूसासरे, भाऊबहीण, नवराबायको, लेकरं, सख्खे आजीआजोबा. बाकी कुणासाठी नाही. गेलात तर गैरहजर. साहेबांना नियम एवढा आवडला की त्यांनी तो शेजारच्या दोन कंपन्यांच्या मालकांनाही पाठवला. तिकडूनही शितलला फोन आले, मॅडम, तुमचा तो दहाव्याचा नियम छान आहे म्हणून. तिनं थँक्यू म्हटलं.

नियम लागू झाल्यावर पहिल्यांदा त्यात सापडला तो भैरू. कोरेगाव भीमाचा पोरगा, प्रेसवर काम करायचा, बोलायला गोड. तो केबिनमध्ये आला, मशिनींच्या आवाजासाठी घातलेले कानातले बूच काढून हातात धरले आणि म्हणाला, "मॅडम, परवा जाईआजीचा दहावा हाय."

"नातं काय?"

"शेजारीण."

"शेजार नात्यात येत नाही, भैरू."

"मॅडम, आई रानात कामाला जायची तवा मला तिनंच वाढीवलंय. माझ्या बापाच्या दहाव्याला तिनं घाटावर सगळ्यास्नी चहा केलता."

शितलचा हात रजेच्या फॉर्मकडं गेला. पण त्याच आठवड्यात तिनं आणखी दोघांना नाही म्हटलेलं होतं, आणि एकाला हो म्हटलं की नियम मोडला असं दुसरे दोघं म्हणणार, हे तिला पुरतं माहीत होतं. "नियम सगळ्यांना सारखा," ती म्हणाली.

"व्हय," भैरू म्हणाला. त्यानं बूच परत कानात घातले आणि गेला. भांडला नाही, की पुढाऱ्याचा फोन आणला नाही. जाईआजीच्या दहाव्याच्या दिवशी सातच्या पाळीला तो मशीनवर हजर होता. मात्र त्यानंतर शितल शॉपमध्ये गेली की तो कानातले बूच काढायचा नाही. ती काही विचारायची, तो मान हलवायचा. तिला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही, नुसतं जड जड वाटत राहिलं.

आणि मग सरूबाई गेली.

आजारी अशी नव्हती. सकाळी गोठ्यात गेली, तिथंच खाली बसली. शितल कवठ्याला पोचली तेव्हा ओसरी माणसांनी भरलेली होती. आईनं आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही, पण दहावे चुकवले नाहीत. टेम्पोत उभं राहून जायची, कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून जायची, गुडघे दुखायला लागले तशी काठी घेऊन जायची. त्यासाठी एक फिकट लुगडं वेगळं ठेवलेलं होतं. शितलचे वडील गेले तेव्हा तो नियम अजून व्हायचा होता. कंपनीची बस भरून माणसं आली होती. आईनं ती बस पुढं किती वर्षं मिरवली! "शितलच्या कंपनीची बस आली होती, घाटावर वळवाय जागा न्हवती." आणि हसून म्हणायची, "माझ्या येळंला बी येतील तुझी माणसं, बघ."

घरात सुतक चालू असताना सत्यजीत साहेबांचा फोन आला. आईंचं कळलं, फार वाईट वाटलं, तुम्ही काळजी घ्या, असं सगळं ते मनापासून बोलले. मग म्हणाले, "एक सांगू का, राग मानू नका. दहावा आणि आपलं ऑडिट एकाच दिवशी येतंय."

ऑडिट म्हणजे ज्या मोठ्या कंपनीला हे माल द्यायचे, तिची माणसं कारखाना तपासायला येणार होती. ती नाराज होऊन गेली तर वर्षाची ऑर्डर हातची जाणार, आणि ऑर्डर गेली तर पहिली कुऱ्हाड कंत्राटी पोरांवर, हे शितलला सांगायची गरज नव्हती.

"तुमच्या आईचा दहावा म्हटल्यावर सगळी पाळी तिकडं येणार," साहेब म्हणाले. "मी नियम सांगितला तर ते तुमच्यासाठी मोडतील. तुम्ही स्वतः सांगितलंत तर ऐकतील. ग्रुपवर एक मेसेज टाका ना."

शितल पडवीत उभी होती. आत बायका बसलेल्या, कुणीतरी आईच्या आठवणी काढून रडत होतं. तिला साहेबांशी वाद घालायचा नव्हता, समजावून सांगायचं नव्हतं, काहीच करायचं नव्हतं. तिनं भिंतीला टेकून मेसेज लिहिला. 'माझ्या आईच्या दशक्रिया विधीसाठी कोणीही गैरहजर राहू नये. त्या दिवशी ऑडिट आहे. नियम मलाही लागू आहे. आपल्या भावना पोहोचल्या.' पाठवला. थोड्या वेळात खाली अंगठेच अंगठे उगवले. मशीनवरच्या बबनरावांचा, म्हाळूचा, पॅकिंगच्या करिश्माचा. भैरूचाही होता.

गावात गोष्ट लपते कुठं? वहिनीचा भाऊ त्याच कंपनीत होता. संध्याकाळी विक्रमदादा, तिचा थोरला भाऊ, कांद्याच्या चाळीवरून आला तो तसाच तिच्यापुढं उभा राहिला.

"तू लोकास्नी येऊ नका म्हणून सांगितलंस?"

"दादा, ऑडिट हाय त्या दिवशी."

"अगं, दहाव्याला कुणी या म्हणत न्हाई, आन् येऊ नका बी कुणी म्हणत न्हाई. असं म्या आजवर ऐकलं न्हाई." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आईनं कवा कुणाचा चुकीवला का? तिच्याच लेकीनं तिच्या दहाव्याची माणसं तोडली."

शितलला म्हणायचं होतं की दादा, मी थकलेय रे, मला कुणी विचारतं का. पण असं म्हणायला समोर आई लागते. ती उठून भांडी घासायला गेली.

त्या रात्रीपासून तिच्या डोळ्यांपुढं एकच दिसायला लागलं, घाटावरच्या सतरंजीचा एक रिकामा कोपरा. गावातली, भावकीतली माणसं येतीलच, त्यात शंका नव्हती. पण आई ज्यांना शितलची माणसं म्हणायची, त्यांची जागा मोकळी राहणार होती, आणि ती शितलनं आपल्या हातानं मोकळी केली होती.

दहाव्याच्या दिवशी घाट भरला. दादाचं डोकं भादरलेलं, तो एकदम म्हातारा दिसत होता. पाव्हण्यांनी दुखवट्याचे टॉवेल-टोप्या आणल्या होत्या. पिंड ठेवल्यावर आईनं कुणाला ताटकळत ठेवलं नाही, कावळा लगेच आला. बायका म्हणाल्या, म्हातारीचं काही मागं राहिलं नव्हतं. शितलला मात्र वाटलं, बस का आली नाही एवढं विचारायला तरी आईनं थोडं थांबायला हवं होतं.

प्रवचन झालं. श्रद्धांजल्या सुरू झाल्या. माईकवर गावचे माजी सरपंच होते, त्यांना मेसेजबिसेज काही माहीत नव्हतं. वडिलांच्या वेळची बस त्यांच्याही लक्षात राहिलेली. त्यांनी भरल्या आवाजात पुकारलं, "शितलताई ज्या कंपनीत मोठ्या पदावर आहेत, त्या कंपनीच्या वतीनं कुणी आलं असेल तर त्यांनी पुढं यावं."

कुणी उठलं नाही. माईक खरखरला. सरपंचांनी पुरुषांच्या बाजूला इकडून तिकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "कंपनीचं कुणी?" दादा खाली मान घालून बसला होता. शितलनं पदर तोंडाला लावला. ते रडू आईसाठी होतं असं सगळ्यांना वाटलं, आणि तसं वाटलं ते बरंच झालं. सरपंच घसा खाकरून पुढच्या नावाकडं वळले.

सगळं आटोपलं. माणसं उठून घरच्यांना हात जोडून निघायला लागली. शितल बायकांच्या बाजूला उभी होती. येणारी प्रत्येक बाई तिच्या दंडाला धरायची, दोन शब्द बोलायची, पुढं व्हायची. मावशा झाल्या, चुलत्या झाल्या, गल्लीतल्या झाल्या. मग एक बाई आली, ती तिच्या ओळखीची नव्हती. उन्हानं रापलेली, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"मी म्हाळूची आई," बाई म्हणाली. "त्याला ड्यूटी हाय आज."

शितलला आधी कळेचना कोण म्हाळू. मग कळलं तेव्हा पुढची बाई समोर होती. "मी बबनरावांच्या घरची." तिच्या मागं करिश्माची सासू, कडेवर करिश्माचं बाळ. तिच्या मागं आणखी. सतरंजीच्या अगदी टोकाला, वडाच्या सावलीत, त्या मघापासून बसलेल्या होत्या. कवठ्यातल्या बायकांना वाटलं सरूबाईच्या माहेरच्या असतील. म्हाळूच्या मेव्हण्याची फुलांची पिकअप रिकामी परत चालली होती, त्यात बसून त्या पहाटेच निघालेल्या. आणि काहींनी तर आपल्या सासऱ्यांनाही बरोबर आणलेलं होतं. ते बिचारे पुरुषांत मुकाट बसून राहिले, कारण कंपनीचं कुणी असेल तर पुढं या म्हटल्यावर आपण कंपनीचे आहोत असं त्यांना वाटलंच नाही.

शितल एकेकीच्या पाया पडत होती. त्यांच्या घरच्यांची नावं तिला पाठ होती, कोण उशिरा येतं, कुणाच्या किती रजा शिल्लक, सगळं पाठ होतं. या बायकांचं तोंड तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

सगळ्यांत शेवटी एक उंच, सडपातळ म्हातारी आली. तिनं शितलचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मी रंगुबाई. भैरूची आई. कोरेगावातनं आले."

शितलला जाईआजीचा दहावा आठवला आणि तिची मान खाली गेली.

"भैरूला सुट्टी न्हाई, म्हणून मी आले," रंगुबाई म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. दूध आणायला पोरगा गेला नाही म्हणून मी गेले, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. "तुझ्या कागदावरचं नातं मला कळत न्हाई बाई. पर तू एवढी माणसं सांभाळती, आन् तुझी आय गेल्यावर तुझ्याकडं कुणी येऊ नये व्हय?"

शितल तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. दादा लांबून बघत होता, मग चहाचा ट्रे घेऊन तो स्वतः त्या बायकांकडं गेला.

सुतक फिटल्यावर शितल कामावर आली तेव्हा सत्यजीत साहेब खुशीत होते. ऑडिट झकास झालं होतं. पाहुण्यांनी हजेरी बघून विचारलं म्हणे, एवढी हजेरी कशी राखता. शितलनं त्यांना खरं ते सांगितलं: पाळीवरची पोरं आली नाहीत, त्यांच्या आया आल्या होत्या, पिकअपमधून.

साहेबांना वाईट वाटलं, ते दिसलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोन्ही कामं झाली की! बघा, नियम पाळूनही माणुसकी राहते. हे तुम्ही सगळ्या मालकांना सांगायला हवं."

शितलनं तरीही आपलं म्हणणं मांडलं. दहाव्याला जाणाऱ्याला पूर्ण दिवस लागत नाही, सकाळचे दोन तास पुरतात. दोन तास उशिरा येऊ द्या, संध्याकाळी ते भरून देतील, प्रत्येक लाइनवरून किती जणांनी जायचं ते त्यांचं तेच ठरवतील. "आपण ऑफिसवाले तर रजा न टाकताच जातो, सर. आपलं ऑफिस साडेनऊला उघडतं. नियम अडवतो तो फक्त सातच्या पाळीवाल्यांना."

"विचार चांगला आहे," साहेब म्हणाले. "दिवाळीनंतर बघू." त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळं तिला भांडताही येईना. पुन्हा मांडायचं, पुन्हा ऐकायचं, पुन्हा थांबायचं, हे सगळं तिला पुढं लांबवर दिसलं आणि ती खुर्चीत मागं टेकली.

मालकांच्या संघटनेनं खरंच बैठक ठेवली. विषय होता 'कर्मचारी कसे सांभाळावेत', आणि बोलणार होत्या शितल मॅडम. सकाळी साडेनऊला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, नाश्त्यासकट. साहेबांनी चार मालकांना स्वतः फोन करून बोलावलं होतं. आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत करिश्मा सहज बोलून गेली, "भैरूचे चुलत चुलते गेलेत, मॅडम, भिमाजीआप्पा. उद्या दहावा हाय. त्यानं रजा टाकलीच न्हाई. म्हणाला, बसत न्हाई नात्यात, कशाला इचारायचं."

संध्याकाळी घरी जाऊन शितलनं कपाट उघडलं आणि एक फिकट साडी काढून ठेवली.

सकाळी नगर रोडला नेहमीची वाहनांची रांग. तिची स्कूटी ट्रकांच्या मधून वाट काढत कोरेगावला पोचली तेव्हा भीमेच्या घाटावर प्रवचन सुरू झालेलं होतं. बायकांच्या बाजूला मागं कुठंतरी बसावं म्हणून ती चपला काढत होती, तोच पुढून रंगुबाईनं मान वळवली आणि बघतच राहिली.

"तू गं कशी काय?"

"भैरूला सुट्टी न्हाई," शितल म्हणाली, "म्हणून मी आले."

कंपनीच्या माणसांपुढं गेली कित्येक वर्षं ती असं गावाकडचं 'न्हाई' बोलली नव्हती. रंगुबाईनं पदर आवरून घेतला आणि आपल्या शेजारी सतरंजीवर जागा केली. शितल बसली. बाजूच्या म्हातारीनं विचारलं, ही कोण, तर रंगुबाई म्हणाली, "आमची हाय." बसल्यावर शितलच्या लक्षात आलं की आपल्या पायांना किती दिवसांत असं मांडी घालून बसणं मिळालं नव्हतं.

महाराज रंगात आले होते, आटपायचं चिन्ह नव्हतं. त्यांच्यानंतर सरपंच, मग पतसंस्था, मग संचालक. पर्समध्ये फोन थरथरला. साहेबांचा मेसेज होता, 'कुठे आहात? सगळे येऊन बसलेत.'

तिनं लिहिलं, 'दहाव्याला आहे.'

उत्तर लगेच आलं. 'ओह. नात्यातलं कोण गेलं?'

शितलनं ते वाचलं. रंगुबाईनंही वाकून पाहिलं, पण तिला वाचता येत नव्हतं. "कामाचा हाय का? जायचं असंल तर जा बाई, आलीस ह्येच लई झालं," ती म्हणाली.

"न्हाई," शितल म्हणाली, "बसते." तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि समोर भिमाजीआप्पांच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत बसून राहिली. त्यांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.